उंचीवरची भाकरी

आमच्या कळस गावातून कामाला निघालेला माणूस बारामतीला सेंट्रिंगवर जातो, नाहीतर शिवारात विहिरीच्या कामावर. एक काम वर, दुसरे खाली. धोका मात्र एकच, पडण्याचा.

ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याच इंदापूर तालुक्यातील म्हसोबाचीवाडीला विहिरीचे काम चालू असताना कडा ढासळली आणि चार मजूर गाडले गेले. जवान आले, यंत्रे आली, पण चौघांचे मृतदेहच वर निघाले. "नशीब त्यांचं," असे आमच्या आळीत बोलले गेले. मला ते पटत नाही. पाणी लागले की मुरूम सुटतो, काठावर ढीग आणि यंत्र असले की भार वाढतो. हे नशिबाने नाही, निसर्गाच्या नियमाने घडते.

आमचे थोरले भाऊ प्लास्टर करताना परांचीवरून पडले. फळी बांधलेली नव्हती, नुसती टेकवलेली होती. कंबर कायमची गेली. ठेकेदाराने दवाखान्यात पोचवले आणि तोंड फिरवले. हजेरीच्या वहीत भाऊंचे नावच नव्हते. वहिनीने बिगारी करून तीन पोरे शिकवली.

म्हणून सांगावेसे वाटते. फळी दोन्ही टोकांना बांधा, सुटे टोक पाय पडताच उचलते. किडका बांबू, कुजकी सुतळी वापरू नका. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, आडवी फळी टाकूनच चाला. खांदे आणि मांड्या धरणारा पट्टा घाला, त्याची दोरी परांचीला नव्हे, डोक्यावरच्या पक्क्या जागी अडकवा. उपाशीपोटी वर चढू नका.

"पट्टा मागितला तर उद्या काम नाही," असे आपली माणसे म्हणतात. एकट्याने मागितला तर खरेच नाही. दहा जणांनी मिळून मागितला तर स्लॅब कोण भरणार?

१९९६ च्या कायद्याने बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळाची सोय आली. वर्षात ९० दिवस काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगाराची तेथे नोंदणी होते. घमेले उचलणाऱ्या बायांचीही होते. ती करून घ्या, दरवर्षी चालू ठेवा.

संध्याकाळी घरात मजुरी किती मिळाली हे विचारले जाते. माय-भगिनींनो, त्याच्या आधी एवढे विचारा, "आज फळी बांधली होती का?"