गाडी वेळेवर सुटते

आरंभशूरपणा हा आम्हां मराठी माणसांचा फार जुना अलंकार आहे. 1 जानेवारीला मोठ्या हौसेने रोजनिशी आणावी आणि संक्रांतीपासून तिच्या पानांवर दुधाचा हिशेब मांडावा. आषाढात पहाटे फिरायला जाण्याचा संकल्प सोडावा आणि श्रावणातल्या पहिल्या झडीला त्याचे उद्यापन करून टाकावे, हे आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पूर्वी अशा आरंभशूरांच्या हाती दौत-लेखणी असे. आता माइक आला आहे, एवढाच काय तो फरक!

या माइकवाल्या मंडळींत मीही एक आहे. 'पॉडकास्ट' म्हणजे काय ते तरुण वाचकांना सांगायला नको. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी सांगतो. आपल्या सवडीने, आपल्या फोनवर केव्हाही ऐकावे असे हे ध्वनिमुद्रित बोलणे. 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' यांचा सांधा जुळवून हा शब्द 2004 साली बेन हॅमर्सली या पत्रकाराने लंडनच्या 'गार्डियन' पत्रात सुचवला. पुढे 2022 मध्ये आयपॉड निघायचाच बंद झाला; बाप गेला, पण मुलाने नाव राखले. या व्यवहारात ना मालक, ना परवाना. कुणीही उठावे आणि बोलावे. त्यामुळे बोलणारे उदंड आणि टिकणारे थोडे. चार-सहा भाग होताच जे कार्यक्रम हळूहळू गप्प होतात, त्यांच्यासाठी या लोकांत 'पॉडफेड' असा खास शब्दच आहे. दुखण्याला नाव पडले, त्या अर्थी साथ मोठी असली पाहिजे!

माझा कार्यक्रम अहिराणी शब्दांचा. मी जळगावात राहतो, मराठी शिकवतो. मूळ घर धुळ्याला. तेथे थोरले भाऊ, वहिनी आणि नाना, म्हणजे माझे वडील. नाना निवृत्त प्राथमिक शिक्षक. दर शनिवारी एस.टी.ने एरंडोल, पारोळा मागे टाकीत धुळे गाठायचे, रात्री नानांना बोलते करायचे आणि रविवारी सकाळी सातला पंधरा मिनिटांचा भाग सोडायचा, असा चार वर्षांपूर्वी परिपाठ सुरू झाला. एका रविवारी 'आंडोर' आणि 'आंडेर', म्हणजे मुलगा आणि मुलगी. दुसऱ्या रविवारी आखाजी, जिला आपण अक्षय्य तृतीया म्हणतो आणि खान्देशातली सासुरवाशीण माहेर म्हणते.

ध्वनिमुद्रण मागच्या खोलीत. भिंतींना गोधड्या टांगलेल्या. पंखा घरघरतो म्हणून बंद. आणि मे महिन्यात खान्देशात पंखा बंद करून बसणे म्हणजे काय, हे ज्याने तिथला पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा भोगला आहे त्यालाच कळेल. त्यात नाना ऐन रंगात आले की स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी होणार. "भाऊजी, खिचडीलाही तुमच्या कार्यक्रमात बोलायचंय," असे वहिनी आतूनच सांगत.

घामाचे काही वाटत नसे. जीव खाई तो आकडा. किती जणांनी ऐकले ते फोनवर लगेच दिसते, आणि हेच सगळ्या दुःखाचे मूळ. पहिल्या वर्षी श्रोते साठ-सत्तर. एखाद्या रविवारी तर पस्तीस. पस्तीस माणसांसाठी शनिवार-रविवार घालवावा काय?

या प्रश्नाचे उत्तर मला धुळ्याच्या बसस्थानकाने दिले. बाहेर काळीपिवळी उभी असते. चालक "पारोळा, पारोळा" म्हणून घसा फोडतो, पण गाडी भरल्याशिवाय ती जागची हलत नाही. शेवटचा उतारू येईपर्यंत आधी बसलेल्यांचे भरीत! आत एस.टी. असते. पाच उतारू असोत की पंचावन्न, वेळ झाली की कंडक्टर दोनदा घंटी मारतो आणि गाडी निघते. तिच्या रूपावर किंवा गादीवर कुणी भाळलेले नसते. लोक विसंबतात ते तिच्या सुटण्यावर. आमच्यातले बहुतेक काळीपिवळीच्या जातीचे. श्रोते जमू देत, चांगला माइक येऊ दे, मग निघू! मी मनाशी ठरवले, आपण एस.टी. व्हायचे.

या बाबतीत धुळ्याची परंपरा मोठी आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सहबंदिवानांपुढे गीतेवर प्रवचने केली. दर रविवारी एक अध्याय. 21 फेब्रुवारीला पहिला, 19 जूनला अठरावा. मी पंचांगाशी ताळा करून पाहिला. अठरा अध्याय आणि बरोबर अठरा रविवार, मध्ये एकही रिकामा नाही! थट्टेखोर म्हणेल, श्रोते उठून जाऊ शकत नव्हते. खरे आहे, पण बोलण्याची सक्ती विनोबांवर कुणी केली होती? मला त्यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. एक, माप आधीच ठरलेले होते. शेवट ठाऊक असला की पाय उचलतात. तेव्हापासून मीही अठरा भागांचे एक पर्व धरतो आणि मग चार आठवडे विसावा घेतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. समोर साने गुरुजी प्रवचने लिहून घेत बसले होते. ती लेखणी नसती तर 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हाती आलेच नसते. सातत्य हे एकट्याचे नसते. कुणीतरी वाट पाहत बसलेला असावा लागतो.

माझी वाट पाहणारे नानाच होते. गेल्या श्रावणात त्यांना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. अकरा आठवडे कार्यक्रम बंद राहिला. इस्पितळातून घरी आल्यावर एका दुपारी वहिनींनी सहज आखाजीचा भाग लावला. नाना स्वतःचा आवाज ऐकू लागले. ओठ हलले, शब्द उमटला नाही. मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो.

तोवर शंभरावर भाग झाले होते. त्यांतले कित्येक ओबडधोबड. कुठे शिट्टी, कुठे खोकला. पण गाडी भरण्याची वाट पाहिली असती, तर आज नानांचे ते बोलणे जगात कुठेही नसते. हा हिशेब फोनवरच्या आकड्यात दिसत नाही.

2021-22 च्या संपात एस.टी. कित्येक महिने बहुतांशी थांबली होती. ती पुन्हा धावू लागली तेव्हा माणसे जुन्याच थांब्यावर, जुन्याच वेळी येऊन उभी राहिली. तोच धडा धरून मी बाराव्या रविवारी, सकाळी सातलाच, नवा भाग सोडला. श्रोते निम्मे उरले होते. उरले होते, हे काय थोडे झाले?

आता शब्द मी बाजारात आणि आळीतल्या म्हाताऱ्यांकडून गोळा करतो आणि शनिवारी रात्री नानांना वाचून दाखवतो. पटला तर ते डावा हात उचलतात. उच्चार चुकला तर मान हलवतात आणि पुन्हा म्हणायला लावतात. परीक्षक म्हणून ते पूर्वीपेक्षा कडक झाले आहेत. रविवारी पावणेसात झाले, की त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे वळते. मग काय, गाडी सोडावीच लागते.