खर्जाला जागा लागते

बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. त्या स्वराची एक लाट हवेत सव्वाआठ मीटर लांब असते. गायिकेच्या आवाजाला स्पष्टपणा देणाऱ्या हजार हर्ट्झच्या आसपासच्या लाटा जेमतेम ३४ सेंटिमीटरच्या. त्या टेबलावर आपटतात, माणसांच्या कपड्यांत मुरतात, खांबाआड बसलेल्याला कमी ऐकू येतात. खर्जाचे तसे नाही. तो खांबाला वळसा घालतो, दारातून बाहेर पडतो, स्टेजच्या फळ्यांतून पायांत चढतो. कॅफेत, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, लग्नाच्या लॉनवर किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाजवणाऱ्या चार-पाच जणांच्या बँडला सामान निवडताना पैसा, अंगबळ आणि विचार सर्वांत जास्त खर्चावा लागतो तो या लांब लाटेपायी.

खालचा स्वर महाग पडतो याची कारणे हवेत आणि कानात आहेत. आवाजाची पातळी तेवढीच राखून एक सप्तक खाली उतरायचे, तर स्पीकरच्या कोनाला चौपट हवा हलवावी लागते. त्यात कानही खर्जाच्या बाबतीत मंद. हळू वाजणारा खालचा स्वर त्याला वरच्या स्वराइतका जाणवत नाही, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले. स्पीकरच्या पेट्या घडवणाऱ्यांमध्ये हॉफमन यांचा नियम प्रसिद्ध आहे: पेटी लहान हवी, खर्ज खोल हवा आणि थोड्या विजेत मोठा आवाज हवा, या तीन मागण्यांपैकी दोनच एका वेळी पुऱ्या होतात. दुकानात एखादी पेटी तिन्ही देते असे सांगितले जाते तेव्हा तिसरी गोष्ट कुठे कापली आहे ते शोधावे. बहुधा ती खर्जातच कापलेली असते.

पूर्वी हे काम माणसाहून उंच लाकडी डबल बेस करत असे. तो वाहून नेणे कठीण आणि ड्रम व ट्रम्पेटच्या गर्दीत ऐकू येणे त्याहून कठीण. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथे १९५१ मध्ये पडद्यांची, खांद्याला अडकवता येणारी प्रिसिजन बेस बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बेसमन हा अँप्लिफायर काढला. गंमत अशी, की बेसमनवर पुढे लीड गिटारवाल्यांनीच ताबा मिळवला. लंडनच्या मार्शल यांचा पहिला अँप्लिफायरही त्याच्याच आराखड्यावर उभा राहिला. बेससाठी खरी ताकद आली १९६९ मध्ये. अँपेगचा एसव्हीटी हा ३०० वॅटचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर त्या वर्षीच्या रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यावर गेला. नुसता अँप्लिफायर ३८ किलोच्या घरात, आणि त्याखालची दहा इंची आठ स्पीकरची बंद पेटी साठ किलोंहून जड.

या पेटीबद्दलची एक गोष्ट प्रत्येक बेसवादकाने ध्यानात घ्यावी अशी आहे. रॉकमधला भारदस्त बेस म्हणून जगभर तिचा आवाज ओळखला जातो, पण तिचा प्रतिसाद ४१ हर्ट्झच्या बऱ्याच वर असतानाच उतरू लागतो. तरी कुणाला काही उणे वाटत नाही, कारण तार केवळ मूळ कंपन देत नाही. ८२, १२३, १६४ हर्ट्झवरचे तिचे उपस्वरही सोबत येतात, बहुतेकदा मूळ कंपनापेक्षा जोराने येतात, आणि त्यांच्यावरून खालचा स्वर मन स्वतःच भरून काढते. म्हणून कॅटलॉगमधल्या सर्वांत खालच्या आकड्यामागे धावू नये. ८० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात पेटी किती स्वच्छ आणि घट्ट वाजते, आणि बोट तारेवरून सुटतानाचा तो किंचित खरखरीत ठसा सातशे-आठशे हर्ट्झच्या आसपास ऐकू येतो का, हे तपासावे. ड्रम आणि गिटार सुरू झाल्यावर बेस त्याच जागी सापडतो. घरी एकट्याने वाजवताना रेशमी वाटलेला, मधला भाग पोखरलेला आवाज बँडमध्ये हमखास नाहीसा होतो. पेटीची परीक्षा शक्य तर ड्रमरला सोबत घेऊनच करावी.

वॅटचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि सर्वांत कमी सांगतो. ३०० वॅटच्या जागी ६०० वॅट आले तर वाढ होते फक्त तीन डेसिबलची. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला शक्ती दहापट लागते. ९५ डेसिबल संवेदनशीलतेच्या पेटीऐवजी ९८ ची पेटी घेतली तर तेच तीन डेसिबल एक वॅटही न वाढवता मिळतात. सव्वाशे-दीडशे माणसांच्या जागेत, बेताने वाजवणाऱ्या ड्रमरबरोबर, ३०० ते ५०० वॅट आणि दहा इंची दोन स्पीकरची चांगली पेटी पुरते. पुढे मोठी कामे मिळू लागली की तशीच दुसरी पेटी जोडावी. तेव्हा ओहमचे गणित चुकवून चालत नाही: आठ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की चार ओहम होतात, चारच्या दोन जोडल्या की दोन, आणि दोन ओहम पेलण्यासाठी न घडवलेला अँप्लिफायर तापून बंद पडतो किंवा जळतो. पेटीला जाणारी केबल स्पीकरचीच हवी. दिसायला तसाच जॅक असलेली गिटारची बारीक केबल तिथे लावू नये. तो प्रवाह तिच्यासाठी नसतो. आजचे क्लास-डी अँप्लिफायर पाचशे वॅट देऊनही दोन-तीन किलोंचे असतात, आणि निओडिमियम चुंबकांमुळे पेट्याही हलक्या झाल्या आहेत. लोकलने किंवा एसटीने कार्यक्रमाला जाणाऱ्या बेसवादकासाठी हे वरदान आहे. व्हॉल्व्हची ऊब खरी असते, पण तिसऱ्या मजल्यावरचा हॉल आणि बंद लिफ्टही खरी असते.

सामान आणल्यावर ते ठेवायचे कुठे, याने निम्मा आवाज ठरतो. पेटी मागच्या भिंतीपासून दीड मीटर पुढे ठेवली तर भिंतीवरून परतलेली लाट ५७ हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेच्या उलट येऊन तिला खोडून काढते. दुसऱ्या जाड तारेचा मोकळा स्वर ५५ हर्ट्झचा, म्हणजे नेमका तोच पोकळ होतो. पेटी भिंतीला टेकवली की ही खाच वर सरकते आणि खर्ज भरतो. कोपऱ्यात ढकलली तर तो फुगून घुमू लागतो. समोरासमोरच्या भिंतींमध्ये लाटा अडकल्या की एका टेबलावर बेस छातीवर आदळतो आणि शेजारच्या टेबलावर गायब होतो. नॉब फिरवून हे सुटत नाही. पेटी हातभर सरकवून, साउंड चेकच्या वेळी वादकाने लांब केबल घेऊन हॉलभर चालून ऐकणे, हाच उपाय. पेटी थोडी मागे कलती ठेवली तर वादकाला स्वतःचे वाजवणे कानाशी ऐकू येते आणि आवाज वाढवण्याचा मोह आपोआप आवरतो.

बँडचा सामाईक पैसा मात्र आधी गळ्यावर खर्चावा. श्रोते शब्दांसाठी आलेले असतात, आणि गिटार-ड्रमला स्वतःचा आवाज असतो तसा गायकाला नसतो. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ५५ हजारांहून जास्त लोकांपुढे बीटल्स वाजवत होते तेव्हा त्यांचे गाणे स्टेडियमच्याच यंत्रणेतून जात होते, आणि किंकाळ्यांमध्ये त्यांना स्वतःचे वाजवणेही धड ऐकू येत नव्हते. स्वतःकडे तोंड केलेला मॉनिटर तेव्हा रुळलेला नव्हता. १९७४ मध्ये ग्रेटफुल डेड या बँडने दुसरे टोक गाठले: वादकांच्या मागे शेकडो स्पीकरची भिंत, प्रत्येक वाद्याला स्वतंत्र यंत्रणा, आणि फिल लेश यांच्या बेसच्या प्रत्येक तारेला वेगळी वाट. माइकच्या तोंडासमोरच स्पीकर असल्याने फीडबॅकची शिट्टी वाजू नये म्हणून प्रत्येक गायकापुढे उलट जोडलेले दोन माइक होते. मागून येणारा आवाज दोघांत सारखाच शिरून नाहीसा होई, आणि गायक त्यांतल्या एकातच गाई. ती रचना स्वच्छ वाजत असे, पण तिच्या वाहतुकीचा खर्च बँडला एका वर्षाहून जास्त झेपला नाही.

लहान बँडसाठी बारा इंची दोन चांगले पॉवर्ड टॉप (आतच अँप्लिफायर असलेल्या स्पीकरपेट्या), स्टँडवर डोक्यांच्या वर चढवलेले, दोन मॉनिटर आणि एसएम५८ सारखे दणकट माइक ही रास्त सुरुवात. हा माइक १९६६ पासून स्टेजवर आहे आणि पाठीमागून येणारा आवाज सर्वांत कमी घेतो. म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या पाठीशी ठेवावा. मिक्सरवर गळ्याच्या चॅनेलचे शंभर हर्ट्झखालचे कापून टाकावे. तिथे पायांची धडधड आणि बेसची गळती याखेरीज फारसे काही नसते, आणि ते गेले की खर्जाची जागा बेसला मोकळी मिळते.

बेस मिक्सरपर्यंत नेण्यासाठी हाताच्या मुठीएवढा डीआय बॉक्स लागतो. तो गिटारचा नाजूक सिग्नल संतुलित करून लांब केबलमधून कुरकुरीशिवाय पोचवतो. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सन यांचा बेस असाच थेट मिक्सरमध्ये घेतला जाई, आणि साठच्या दशकातले ते ध्वनिमुद्रण आजही बेस शिकणाऱ्यांचे पाठ्यपुस्तक आहे. अनेक अँप्लिफायरमध्ये डीआय असतोच. तरी वेगळा, चांगल्या ट्रान्सफॉर्मरचा बॉक्स पिशवीत असावा, कारण त्यावर अर्थिंग तोडण्याचे बटण असते आणि विजेची घरघर आली की ते कार्यक्रम वाचवते.

भारतात विजेची घरघर ५० हर्ट्झची. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी ४९ हर्ट्झचा आणि घरघरीचा पहिला उपस्वर १०० हर्ट्झचा, मोकळ्या बारीक तारेच्या ९८ हर्ट्झशेजारी. म्हणजे इथली घरघर थेट बेसच्या स्वरांना खेटून बसते आणि जी वाजला की स्वर डुलू लागतो. मिक्सर एका बोर्डावर आणि अँप्लिफायर लांबच्या दुसऱ्या बोर्डावर असले की ती हमखास येते. दोन्ही एकाच जागेवरून चालवावेत, दिव्यांची फेज वेगळी ठेवावी. डीआयवरचे बटण फक्त सिग्नलच्या केबलची अर्थिंग तोडते, ते सुरक्षित आहे. प्लगची जाड पिन काढून टाकणे मात्र कधीही नाही. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवरच विजेच्या धक्क्याने गेला. माइकची अर्थिंग नीट नव्हती, आणि त्याला हात लागला तेव्हा दुसरा हात गिटारच्या तारांवर होता. मांडवातल्या जनरेटरवर, पावसाने ओल्या झालेल्या गवतावर, वीज तपासायचे साधन खिशात नसताना गायकाला माइकपुढे उभे करू नये.

मोकळ्या मैदानात भिंतींची मदत संपते. अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल जातात. अठरा इंची सबवूफर, ज्यांना आपले साउंडवाले नुसते ‘बेस’ म्हणतात, इथेच लागतात. ते विकत घेऊ नयेत, भाड्याने घ्यावेत. वर्षातून मोजक्या वेळा लागणारी, टेम्पो अडवणारी वस्तू बँडच्या घरात कशाला? स्टेजच्या दोन टोकांना एकेक ठेवण्याऐवजी मध्ये शेजारी-शेजारी ठेवले तर दोन सबवूफर मिळून एकाहून सहा डेसिबल जास्त देतात आणि मैदानात पोकळ पट्टे पडत नाहीत.

खर्ज भिंती ओलांडतो, म्हणून तक्रारही त्याचीच येते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद असतो, सणासुदीला राज्य सरकारने दिलेली मोजक्या दिवसांची मध्यरात्रीपर्यंतची सूट सोडून. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचे किमान शंभर मीटर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. मुंबईत धोबीतलावचे रंगभवन, जिथे इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव कित्येक वर्षे गाजला, याच कारणाने मैफलींना बंद झाले. जागा पाहायला जाताना बँडने शेजारच्या पाट्याही वाचाव्यात. वादकांच्या कानांसाठी हिशेब सोपा आहे: ८५ डेसिबल आठ तास चालते आणि प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे शंभर डेसिबलला पंधरा मिनिटे. झांजेशेजारी उभ्या राहणाऱ्याने इअरप्लग वापरावेत.

खरेदीचा क्रम असा ठेवावा: माइक आणि केबल, टॉप, डीआय, बेसचा अँप्लिफायर व पेटी, मग मॉनिटर. जुनी पेटी घेताना कोनाची कड बोटाने चाचपावी आणि खालच्या स्वरावर आवाज वाढवून फडफड होते का ते ऐकावे. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात कोन ओलसर हवा पितात आणि जॅकवर हिरवट थर चढतो. तिथे पेट्या जमिनीवरून उचलून, जाड कव्हरात ठेवाव्यात, आठवड्यातून एकदा तासभर वाजवाव्यात आणि जॅक कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसावेत. प्रत्येक प्रकारची एक केबल, अँप्लिफायरचा फ्यूज आणि बेसच्या तारांचा एक संच जादा असावा.