काडीपैलवानाची चरबी

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सायन्सच्या पुस्तकात 'फॅट' होतं, डायग्रॅमसकट. मराठीतली 'चरबी' मला मैदानावर भेटली, "लय चरबी चढली का बे तुले?" अशी! म्हणजे मित्रांनो, आपल्या भाषेत चरबी असते ती जाड माणसाला नाहीतर मस्तवाल माणसाला. बारीक माणसाचा तिच्याशी काही संबंधच नाही.

माझं वजन ५८ किलो, उंची १७२ सेंटिमीटर. हॉस्टेलमधलं नाव 'काडीपैलवान'. बाबाही असेच, शर्ट हँगरला लटकवल्यासारखा दिसतो. त्यांना एक्केचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली तेव्हा घरात कोणाचा विश्वासच बसेना. "बारीक मानसाले शुगर कशी होईन जी?" आजीने सरळ डॉक्टरांनाच विचारलं. डॉक्टर हसले आणि गोळ्या लिहून दिल्या.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर पुण्यात आहे. केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रोफेसर जॉन युडकिन या दोघांनी जानेवारी २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या मेडिकल जर्नलमध्ये आपला दोघांचा फोटो छापला. दोघांची आडनावं इंग्रजीत 'वाय'ने सुरू होतात, म्हणून नाव दिलं 'वाय-वाय पॅरडॉक्स'. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. पण डेक्सा मशीनवर (दोन वेगवेगळ्या एनर्जीचे एक्स-रे सोडून हाड, चरबी आणि बाकीचा मऊ भाग वेगळा काढतात) युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! दुपटीहून जास्त. युडकिन तेव्हा मॅरेथॉन धावायचे, आणि याज्ञिक यांचा व्यायाम म्हणजे रोज सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन ती पकडणे. हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. इतक्या मोठ्या जर्नलमध्ये स्वतःचंच पोट उदाहरण म्हणून देणारा माणूस मला फार आवडला.

हे वाचल्यावर रूमवर टेप निघणारच! पोटाचा घेर, मानेचा घेर आणि उंची एवढ्यावरून चरबीचा अंदाज देणारं एक समीकरण आहे. अमेरिकन नौदलासाठी हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ साली केलेलं. घेर बेंबीवर मोजायचा, श्वास सोडून, पोट आत न ओढता. (हे शेवटचं आमच्या विंगमध्ये कोणालाच जमलं नाही.) माझं पोट ८४, मान ३४. उत्तर आलं साधारण १९.७ टक्के. माझा रूम पार्टनर तुमसरकडचा, कबड्डीवाला, उंची माझ्याएवढीच पण वजन ७८. बीएमआय काढला तर २६.४, म्हणजे चार्टप्रमाणे 'ओव्हरवेट'. त्याचं पोट ८५, मान मात्र ४०. उत्तर १५.९! मेसमध्ये ज्याला सगळे "कमी खा बे" म्हणतात त्याच्यापेक्षा काडीपैलवानाची चरबी जास्त. त्याने ते उत्तर खडूने दारावर लिहून ठेवलंय.

पण आपण इंजिनिअर, एरर तर बघायलाच पाहिजे. टेप एक सेंटिमीटर सरकला की माझं उत्तर पाऊण टक्क्याने बदलतं. शिवाय समीकरण बसवलंय अमेरिकन नौसैनिकांच्या मापांवर, आणि आपण त्यात भंडारा जिल्ह्यातला पोरगा टाकतोय. दशांशाच्या पुढचा आकडा तर शोभेचाच. जिममधल्या मशीनचंही तसंच. ते पायातून अगदी बारीक करंट सोडतं. स्नायूत पाणी आणि क्षार भरपूर, तिथून करंट सहज जातो, चरबीतून जायला त्रास. त्या अडथळ्यावरून मशीन हिशोब करतं. तहानलेल्या अंगाने उभं राहिलात तर अडथळा वाढतो आणि मशीन त्यालाच चरबी समजतं! म्हणून एकदाच मोजून रडण्यात किंवा नाचण्यात अर्थ नाही. तेच साधन, तीच वेळ, आणि दोन-तीन महिन्यांनी आकडा कुठे चाललाय ते बघायचं. मुलींनी आपला आकडा मुलांशी लावू नये, बाईच्या शरीरात चरबी निसर्गानेच जास्त ठेवलेली असते.

आकडा कशाला हवा, तर बाबांसाठी. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त ओढून घेतात ते स्नायू. स्नायू कमी आणि पोटाच्या आत, लिव्हरभोवती चरबी जास्त, तर इन्सुलिन असूनही नीट चालत नाही. वजनकाट्याला यातलं काही दिसत नाही. याज्ञिक यांच्याच टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साऊथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं सगळीकडून बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत! म्हणजे जन्मतःच काडी, आणि काडीत चरबी.

मी आजीला विचारलं, बाबांचं जन्माचं वजन किती होतं? "कोन मोजते बापा तवा! रोवणी चालू होती. सुपाच्या एका कोपऱ्यात मावे तुहा बाप." चिखलात वाकून धान रोवणारी आजी त्या दिवसांत काय जेवत असेल, ते मी विचारलं नाही.

याचा अर्थ भाताला शिव्या द्यायच्या असा नाही. आपला जिल्हा धानाचा, मेसच्या ताटातला भाताचा डोंगर आपण सोडणार थोडेच. पण तो डोंगर आजोबा बांधावर बसून खायचे आणि उठून परत नांगरामागे जायचे. बाबांनी तोच डोंगर ऑफिसच्या खुर्चीत नेला, मी ड्रॉइंग हॉलमध्ये. सध्या मी भात एक वाढप कमी करून वरण आणि उसळ वाढवलीय, आणि पार्टनर रोज संध्याकाळी डिप्स काढायला लावतो. वजन दीड किलोने वाढलं, पोट एक सेंटिमीटर कमी झालं. भारतीय पुरुषाचं पोट ९० च्या आत आणि बाईचं ८० च्या आत असावं असं डॉक्टर सांगतात, आणि कोणाचंही उंचीच्या निम्म्याहून कमी. माझं निम्मं होतं ८६, म्हणजे मी काठावरच आहे.

दिवाळीत घरी जाताना टेप नेणार आहे. बाबांना फोनवर पोटाचं माप विचारलं तर म्हणाले, "बत्तीस! शिंप्याला पाठ आहे." पण ते पँटचं माप झालं, आणि बाबांची पँट बेंबीच्या चांगली चार बोटं खाली असते.