हत्तीचा पाऊस आणि अंकुशनगर

जालन्याहून एस.टी.ने अंबड, तेथून वडीगोद्री आणि पुढे बीडच्या रस्त्याला लागले की शहागडच्या अलीकडे कारखान्याची धुराडी दिसू लागते. हेच अंकुशनगर. समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे वसलेले आणि अंकुशराव टोपे यांच्या नावाने ओळखले जाणारे गाव. आजूबाजूला जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी, त्यावर उभा ऊस, आणि थोड्या अंतरावर गोदामाई. पलीकडच्या काठाला बीड जिल्हा सुरू होतो.

ऑक्टोबर 2025 मध्ये मी तेथे गेलो तेव्हा गाळप सुरू व्हायचे होते. काट्याजवळ एकही गाडी नव्हती. नदीकडच्या शेतांत मात्र ऊस आडवा लोळलेला, शेंड्यापर्यंत गाळ चढलेला. 28 सप्टेंबरला पैठणच्या धरणाचे सर्व 27 दरवाजे उघडे होते आणि गोदावरीत तीन लाख क्युसेकच्या वर पाणी सुटत होते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर. आपल्या हिशेबाने दर सेकंदाला सुमारे 85 लाख लिटर पाणी झाले! काठच्या गावांतील माणसे हलवावी लागली.

मंडळी, ही तारीख जरा लक्षात ठेवा. 27 सप्टेंबरच्या सुमारास सूर्याचे हस्त नक्षत्र लागते. हत्ती पडला तर भिंती पडतात, असे जुनी माणसे म्हणत, ते उगाच नव्हे. 2021 साली 26 सप्टेंबरला ‘गुलाब’ नावाचे वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आले आणि त्याचे उरलेले ढग 27-28 तारखेला आपल्या मराठवाड्यावर रिते झाले. मांजरा धरणाचे दरवाजे तेव्हा उघडावे लागले. आणखी मागे जा. 1908 मध्ये आपला हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, 28 सप्टेंबरलाच मुसी नदी फुगली. वरचे शेकडो तलाव फुटले आणि सुमारे पंधरा हजार माणसे गेली असे सांगतात. नदीकाठच्या इस्पितळाच्या आवारातील एका चिंचेवर चढून दीडशे लोक वाचले, असेही सांगतात. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावले गेले आणि पूर अडवण्यासाठी उस्मानसागर, हिमायतसागर बांधले गेले.

तारीख जुळली हा योगायोग. पण महिना जुळतो त्याला कारण आहे. सप्टेंबरच्या मध्यानंतर मान्सून राजस्थानातून मागे फिरू लागतो. त्याच वेळी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होऊन तेलंगणावरून पश्चिमेला सरकतात. धरणे तोपर्यंत काठोकाठ असतात, जमीन पाणी पिऊन तृप्त असते. मग पडेल तो थेंब ओढ्याला आणि ओढा नदीला.

आणि हत्ती आला नाही तर? 1972 साली तो आला नाही. मी तेव्हा कडेवरचा. आई मला झाडाखाली निजवून रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, दुपारी सुकडी मिळायची, हे तिच्या तोंडून शंभरदा ऐकले आहे. पुढच्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसे होती. 2012 मध्येही पाऊस रुसला, आणि याच जालना जिल्ह्यात मोसंबीच्या वाळलेल्या बागांवर शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालवली. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

नदीकाठी एका ओळखीच्या आबांच्या शेतावर गेलो. खरे सांगायचे तर पाय जड झाले होते. 2021 मध्ये मीच त्यांना म्हटले होते, “आबा, सोयाबीन पिकलंय, कापून पसरून ठेवा, ऊन चांगलं आहे.” तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि शेंगेतच दाण्याला कोंब फुटले. आबांनी कधी त्याचा उल्लेख केला नाही. मी मात्र तेव्हापासून हवामानाचा अंदाज पाहिल्याशिवाय कापणीचे नाव काढत नाही, आणि कापलेच तर त्याच दिवशी बांधावर उंच गंजी लावून ताडपत्री घाला, हे आधी सांगतो.

“यंदा मोटार आदल्या दिवशीच काढली,” आबा म्हणाले. “जनावरंही सोडली. पण माती कशी सोडवावी साहेब?” काठचा सुमारे अर्धा एकर खरडून गेला होता. खाली पिवळा मुरूम उघडा पडला होता. पंचनामा झाला होता. पण मुरमावर पुन्हा काळी माती आणायची म्हणजे खर्च आलाच.

वरच्या तुकड्यात कपाशी उभी होती, पण पाणी साचल्याने काही झाडे एकाएकी माना टाकत होती. हा आकस्मिक मर. चर काढून पाणी बाहेर काढायचे आणि झाड मलूल दिसताच एक-दोन दिवसांत 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश व 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून प्रत्येक झाडाच्या बुडाशी पाव ते अर्धा लिटर ओतायचे. पूर्ण वाळलेल्या झाडावर मात्र पैसा घालवू नये. आबांनी आळवणी केली होती. निम्मी झाडे सावरली होती.

“हरभरा पेरू का आता?” त्यांनी विचारले. मी वाकून मूठभर माती उचलली आणि दाबली. गोळा तसाच राहिला, बोटांना चिकटला. आबा हसले. “म्हणजे अजून आठ दिवस,” ते म्हणाले आणि मोटार कुठे ठेवली आहे ते दाखवायला मला गोठ्याकडे घेऊन गेले.