निधान होग्री

आमच्या बेळगावात कुणी गाडी घेतली की पेढा तोंडात असतानाच पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" शेजारी कन्नड असला तरी प्रश्न तोच, "एष्ट कोडतैत्री?" मग रंग, सीटकव्हर, डिकीत पोती किती मावतात, गाणी कशी वाजतात. पण "थांबते कशी?" असं विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. चालणाऱ्या वस्तूचं कौतुक असतं. थांबणं आपण गृहीत धरून चालतो.

ते गृहीत धरणं माझ्या बाबतीत १९९४ सालच्या मे महिन्यात संपलं. मुलांना सुट्ट्या होत्या आणि आम्ही वेंगुर्ल्याला मावशीकडे निघालो होतो. गाडी जुनी, सेकंडहँड, पण घरच्यासारखी. पुढे माझ्याशेजारी अप्पा, मागे सौ. आणि दोन मुलं, डिकीत मावशीसाठी बासमती तांदूळ आणि कुंद्याचे डबे. चारच दिवसांपूर्वी एका गॅरेजात मागच्या डाव्या चाकाचं व्हील सिलिंडर उघडून रबर बदलून घेतलं होतं. त्यानंतर टिळकवाडी ते शहापूर अशा चार-पाच फेऱ्या मारून पाहिल्या होत्या. ब्रेक उत्तम लागत होते.

हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोलीला पोचलो, चहा झाला, आणि घाट उतरायला लागलो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. एका वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. पण गाडी मंदावली. पुढच्या खेपेला ते थेट फळीला टेकलं. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी असेल म्हणून टाकलेला पाय जसा पोकळीत जातो, तसंच अगदी. पोटात जो खड्डा पडतो तोही तसाच.

पुढचं सगळं मिनिटभरातलं आहे, पण सांगायला वेळ लागतो. पेडल भराभर मारून पाहिलं. दोनदा थोडी पकड मिळाली, मग तीही संपली. दुसरा गिअर टाकला तेव्हा इंजिन असं ओरडलं की धाकटी रडायला लागली. अप्पा एरवी माझ्या ड्रायव्हिंगवर सतत शेरे मारत, त्या वेळी मात्र त्यांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला आणि एकच शब्द बोलले, "डोंगराकडं." हँडब्रेक ओढला तर गाडी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या अंगावर जायला लागली. असं का, ते नंतर कळलं. स्टिअरिंग डावीकडे धरून पहिला गिअर बसवला, डावी चाकं डोंगराच्या बाजूच्या चरात घातली, आणि माती, दगड, गवत घासत गाडी थांबली. डाव्या बाजूचा पत्रा दारापासून मागच्या दिव्यापर्यंत सोलून निघाला. माणसं धड होती.

खालून एक ट्रक चढत आला, तो थांबला. ड्रायव्हर हुबळीकडचा. खाली उतरून आधी त्याने दोन दगड चाकांना लावले आणि मग विचारलं, "ब्रेक हिडीलिल्लेन्री?" ब्रेक धरला नाही का? माझ्या तोंडून शब्द फुटेना. अप्पांनीच उत्तर दिलं, "इल्लप्पा, पूरा होतु." कचेरीत तीस वर्षं कन्नडमध्ये कागद लिहिलेला माणूस, पण घरात कधी कन्नड बोललेला मी ऐकला नव्हता.

ड्रायव्हरने मागच्या डाव्या चाकामागे हात घालून तो ओला हात मला दाखवला. गॅरेजात व्हील सिलिंडर उघडलं तेव्हा तिथली पितळी नळी काढून परत बसवली होती. तिचा नट तिरका बसला होता, आटे अर्धेच धरलेले. गावात सपाटीवर हलक्या दाबाला तो टिकला. घाटात पाय जोरात पडायला लागला तसा प्रत्येक दाबासरशी तेल बाहेर फेकत गेला. ते तेल आतल्या लायनरवर पसरलं, म्हणून हँडब्रेकने उजवं चाक धरलं आणि डावं मोकळं घसरत राहिलं. त्या काळच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून ब्रेकतेलाची एकच वाट असे. एका चाकाची नळी सुटली की चौघांचाही उपवास.

मंडळींना आपल्या ट्रकमधून आंबोलीपर्यंत सोडायला तो ड्रायव्हर तयार झाला. जाताना मला म्हणाला, "एरो गेरन्याग इळीबेक्री." ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. आणि ट्रकमध्ये चढता चढता, "निधान होग्री." कन्नडात निधान म्हणजे सावकाश, आपल्या रस्त्यांवर पाट्याच असतात, निधानवागि चलिसि. मराठीत निधान म्हणजे ठेवा, साठा. गाडीपाशी एकटा बसून मिस्त्रीची वाट पाहताना मी या एका शब्दाचे दोन अर्थ बराच वेळ घोळवत होतो. दुसरं काही सुचतच नव्हतं.

मावशीकडे पोचलो रात्री नऊला. परत आल्यावर गॅरेजवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब, ब्रेक काय कधी सांगून जातात?" त्याच्याशी भांडण झालं ते झालं, पण हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. तेव्हापासून कुणीही गाडीवाला भेटला की मी त्याला विचारतो, तुमचे ब्रेक कधी गेलेत का? आणि गंमत सांगतो, दर दोघांतला एक "हो" म्हणतो. खोलात शिरलं की दिसतं, 'ब्रेक फेल' हे एकच नाव आपण चार वेगवेगळ्या दुखण्यांना दिलेलं आहे, आणि त्यातली बहुतेक दुखणी चांगली सांगून-सवरून येतात.

आमचे एक डॉक्टर चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला नेहमी जात. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करायची, ही सवय त्यांना कुणा जाणत्याने लावलेली. पुढे त्यांनी नवी गाडी घेतली. एका उतारावर ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं घट्ट! दोन्ही पायांनी उभं राहिल्यावर कशीबशी गाडी थांबली. ते आजही "ब्रेक फेल झाले" असंच सांगतात. ब्रेक जागेवर होते. पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीतून मिळणाऱ्या निर्वात पोकळीवर चालतो. इंजिन बंद झालं की साठलेल्या पोकळीवर दोन-तीन दाब मिळतात, पुढे सगळं आपल्या मांडीच्या बळावर. शिवाय चावी पुरती फिरवली तर स्टिअरिंगही अडकतं. ॲव्हरेजच्या पायी केवढा हा सौदा!

याच सवयीचं मोठं उदाहरण पुण्याने २० नोव्हेंबर २०२२ रोजी पाहिलं. नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालवाहू ट्रकने अनेक वाहनांना धडका दिल्या. 'ब्रेक निकामी' हे शब्द लगेच सगळीकडे झाले. पोलिसांनी मात्र प्राथमिक तपासानंतर सांगितलं की, चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं. ब्रेक बिचारे मुके. त्यांच्या नावावर काहीही खपतं.

दुसरं दुखणं उष्णतेचं. गाडी आणि माणसं मिळून बाराशे किलो वजन पाचशे मीटर खाली उतरवायचं आणि ते सगळं ब्रेकवरच तोलायचं म्हटलं, तर जी उष्णता निघते तिच्यावर दोन कळशा पाणी उकळेल. ही उष्णता चार चाकांतल्या मूठमूठभर लोखंडात साठते. आधी करपट वास येतो, मग पेडल घट्ट लागतं पण गाडी ऐकत नाही, कारण लायनरची पकडच विरघळलेली असते. त्याहून वाईट म्हणजे तेलालाच उकळी फुटते. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की पेडल स्पंजासारखं दबतं. वाफ नुसती चेपली जाते, चाकापर्यंत जोर पोचतच नाही. ब्रेकतेलाचा स्वभाव असा की ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट-३ जातीचं नवं तेल २०५ अंशांच्या आत उकळू नये असा दंडक आहे. पाणी मुरलेल्या तेलाला तोच दंडक १४० अंशांवर येतो. चंदगड-आंबोलीचा पाऊस ज्यांनी चार-चार महिने सोसलाय, त्यांना हवेत पाणी किती असतं हे मी काय सांगायचं? तरी दर दोन वर्षांनी तेल बदला म्हटलं की लोक माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्या दुकानाचा भागीदार आहे.

आमच्या ओळखीच्या एका बाईंची हकीकत वेगळीच. खानापूर रोडवर त्यांनी ब्रेक दाबला, तो अर्ध्यातच अडला. पुढे बैलगाडी! बाईंनी हँडब्रेक ओढला आणि वाचल्या. खाली वाकून पाहतात, तर मागच्या सीटवरून घरंगळत आलेली पाण्याची बाटली पेडलखाली. त्या दिवसापासून त्यांच्या गाडीत पुढे बाटली ठेवायची नाही, सैल पायपोसही नाही. हे मला सगळ्यांत पटलेलं शहाणपण, कारण त्याला दमडी पडत नाही.

एका मित्राची गाडी सिग्नलला उभी असताना पेडल पायाखाली सावकाश बुडत जाई. पाय उचलून परत मारलं की ठीक. मास्टर सिलिंडरमधलं रबर झिजलेलं. महिनाभर त्याने "गाडीची खोड" म्हणून ते चालवून घेतलं, आणि एका दुपारी गोगट्यांच्या चौकात पुढच्या रिक्षाला भेट दिली. गाडी महिनाभर सांगत होती. आणखी किती सांगायचं तिने?

तेव्हा गॅरेजवाल्याचं वाक्य खरं की खोटं? माझ्या गाडीने मला फक्त एका वळणाची सूचना दिली, हे खरं. पण तेलाच्या डबीतली उतरती रेष, करपट वास, बुडतं पेडल, ब्रेक लावल्यावर एका अंगाला ओढणारं स्टिअरिंग, या भाषा आपण शिकत नाही. कन्नड-मराठीच्या भांडणात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना तिसरी भाषा शिकायचा कंटाळा येत असावा.

माझा मुलगा हसतो. म्हणतो, "बाबा, तुमचं सगळं त्या जुन्या डब्याचं पुराण. आता दोन वाटा असतात, एक फुटली तरी दुसरी धरते. एबीएस आहे." त्याचं चूक नाही. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, आणि दुहेरी मास्टर सिलिंडर तर त्याच्या कितीतरी आधी आलं. त्याच्या गाडीत हँडब्रेकच्या जागी बटण आहे. तशा बऱ्याच गाड्यांत ते ओढून धरलं तर धावती गाडीही थांबते. पण एबीएसचं काम चाक घसरू न देणं. नळीतल्या वाफेपुढे ते काय करणार? आणि ते बटण ओढून धरायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं. पुस्तिका काढून मीच ते पान दाखवलं. तेव्हा हसायचा थांबला.

सौ. त्या घाटानंतर दोन वर्षं गाडीत बसली नाही. वेंगुर्ल्याला एस.टी.ने जायची, आणि आम्ही बापलेक मागून गाडीने. तिची समजूत घालायला मी एक रिवाज सुरू केला, तो अजून चालू आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडी अंगणात उभी करायची. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा मारायचं, म्हणजे ते घट्ट होतं. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करायचं. पेडल बोटभर खाली गेलं तर बूस्टर ठीक. त्यानंतर अर्धं मिनिट पाय हलवायचा नाही. पेडल आणखी बुडायला लागलं तर जाणं रद्द. तोवर सौ. बॅटरी घेऊन आधी चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का पाहते, मग बॉनेटपाशी जाऊन डबीतली रेष बघते. वयामुळे वाकायला त्रास होतो, पण हे काम ती दुसऱ्या कुणाला देत नाही. परवाही तशीच वाकून पाहिलं, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "वरच्या रेषेला आहे. चाकं कोरडी." मग मी डिकी उघडली आणि तिने कुंद्याचे डबे आत ठेवले.