हॅम्बुर्गला विकलेल्या उदबत्त्या

आम्ही म्हैसूरला कॉमर्स शिकत होतो तेव्हा परकीय भाषा ही बायोडेटात घालायची गोष्ट होती. टायपिंग, एनसीसी, जर्मन, त्याच ओळीत. संध्याकाळच्या वर्गाला सुरुवातीला बाकं पुरायची नाहीत, दिवाळीनंतर हजेरी घ्यायची गरज उरायची नाही. सर जर्मनीला कधी गेले नव्हते आणि आम्ही सरांखेरीज कुणाची जर्मन ऐकली नव्हती. एक कॅसेट तेवढी होती. टेप ओढली गेली की बर्लिनचा माणूस एकदम खर्जात जायचा, आणि आम्ही तो उच्चारही इमानाने गिरवायचो.

माझी भाची आता म्हैसूरलाच एमबीए करते. तिच्या पिढीला भाषा हवी ती मोजूनमापून. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, हे गणित तिने आधी मांडलं, डेर-डी-डास नंतर. "मामा, मला काही गटे वाचायचा नाहीये. बी-वन पातळी झाली की बास." फोनमधलं ॲप तिचं बोलणं ऐकतं, चुकलं की तिथल्या तिथे टोकतं. आमची कॅसेट नुसती बोलायची. एका सेमिस्टरमध्ये पोरगी आमच्या अख्ख्या सर्टिफिकेटच्या पुढे गेली.

पण आमच्या वर्गातली ती व्यापारी पत्रं! हॅम्बुर्गच्या एका काल्पनिक व्यापाऱ्याला आम्ही वर्षभर उदबत्त्या विकल्या. म्हैसूरला राहून दुसरं काय विकणार? फार तर चंदनतेल, रेशीम. 'झेअर गेएर्टे दामेन उंड हेरेन' असा मायना लिहायचा, स्वल्पविराम द्यायचा आणि पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर आठवणीने लहान काढायचं. वर्गातलाच कुणी व्यापारी होऊन माल भिजून आल्याची तक्रार करायचा, मग आमचं दिलगिरीचं पत्र. शाळेत संस्कृत झालेले कुक्करहळ्ळी तळ्याभोवती फिरताना जर्मन विभक्त्या 'देवः देवौ देवाः'च्या चालीवर म्हणायचे. डॉइच वेले रेडिओला पत्र टाकलं की कॅलेंडर यायचं; ते वर्ष संपलं तरी खोलीतल्या भिंतीवरून उतरत नसे.

आता इंग्रजीत लिहिलं की मशीन जर्मन करून देतं, अदबीसकट. भाचीच्या वर्गातली निम्मी मुलं म्हणतात, मग शिकायची कशाला? प्रश्न खुळा नाही. आमच्यातल्या ज्यांनी पुढे खरोखर निर्यात केली, त्यांनी ती इंग्रजीतूनच केली. तरी दिलगिरी कशी व्यक्त करावी हे आम्ही त्या न पाठवलेल्या पत्रांत शिकलो, असं मला उगाच वाटतं. उगाचच असेल.

दोन्ही पिढ्या सारख्याच कच्च्या निघाल्या त्या कन्नडमध्ये. 1969 साली स्थापन झालेली भारतीय भाषांची केंद्रीय संस्था म्हैसूरच्याच मानसगंगोत्रीत आहे. तिच्यासमोरून सायकली हाणत आम्ही जर्मनच्या वर्गाला जायचो. देवराज मार्केटात भाव करावा लागे, तेवढ्यापुरती कन्नड आली. भाचीला तेवढीही लागत नाही: क्यूआर कोडशी घासाघीस करता येत नाही.

मात्र आता तिला नंजनगूडच्या एका कारखान्यात इंटर्नशिप मिळाली आहे. तिथल्या कामगारांपुढे बी-वन चालत नाही आणि तिच्या ॲपमध्ये कन्नड नाही. म्हणून रोज रात्री मेसवाल्या अक्कांना विचारून वाक्यं उतरवून घेते. अक्का फी घेत नाहीत, पण चुकलं की स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना बोलावून पुन्हा म्हणायला लावतात.