सातशे रुपयांचा पाइप

आपल्या मराठीत चिमणी या शब्दाला किती अर्थ! अंगणात दाणे टिपते ती चिमणी. गावी वीज नव्हती तेव्हा जिच्या उजेडात आम्ही पाढे पाठ केले ती रॉकेलची चिमणी. आणि आमचे वडील परळच्या ज्या गिरणीत साचे चालवीत, तिच्या आवारातली ती विटांची, उंच, आभाळात धूर सोडणारी चिमणी. १९८२ च्या संपानंतर तिचा धूर कायमचा थांबला आणि आई आम्हां भावंडांना घेऊन गावी गेली. पण राहत्या घरालाही चिमणी लागते, हे आम्हांस वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळले. ते शिक्षण फार महाग पडले असते.

परळच्या चाळीतली आमची खोली पुनर्विकासात गेली. भाड्यापोटी जे पैसे मिळतात त्यात बसेल अशी जागा शोधत आम्ही गिरगावात खोताच्या वाडीत आलो. वाडी कोणी पाहिली नसेल तर सांगतो. गिरगावच्या गर्दीच्या रस्त्यावरून आत वळले की हातभर रुंदीच्या गल्ल्या, लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, मंगलोरी कौले. अशी साठ-पासष्ट घरे एके काळी होती. आता निम्मीही उरलेली नाहीत. अनंताश्रमाची प्रसिद्ध खाणावळसुद्धा केव्हाच बंद झाली. आमच्या वाट्याला आला तो एका जुन्या घराचा तळमजल्यावरचा मागचा भाग. वरच्या मजल्यावर घरमालकीण, सत्तरी ओलांडलेल्या ईस्ट इंडियन आंटी.

मुंबईत आजही आडनाव विचारून जागा नाकारणारे लोक आहेत, हे वाचकांना सांगायला नको. या आंटींनी आडनाव विचारले नाही, गाव विचारले नाही, काय खाता तेही विचारले नाही. एवढेच विचारले, "जेवण गॅसवर करनार ना? घर लाकडाचं हाय बाबा. आग म्हटली का माझा जीव जातो." आम्ही त्यांना शब्द दिला.

तो शब्द आम्ही कसा पाळला, ते आता लिहावयाचे आहे.

घरातली वायरिंग जुनी. विजेचा गिझर लावू नका, असे आंटींनी सांगितले होते, म्हणून आम्ही गॅसचा लहान गिझर घेतला, मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा. दुकानदार म्हणाला, धूर बाहेर नेणारा पाइप वेगळा घ्यावा लागेल, सातशे रुपये. बसवायला आलेला फिटर म्हणाला, "साहेब, पाइप लावायचा तर भिंतीला होल मारावं लागेल. मालकिणीला विचारावं लागेल. खिडकी आहे ना बाथरूमला? मग झालं." आम्हांस ते पटले, कारण पटवून घ्यायचे होते. सातशे रुपये वाचत होते आणि आंटींना विचारण्याचा संकोचही वाचत होता. आम्ही कारकून माणूस. वस्तीवस्तीत जाऊन लोकांना रेशनकार्डाचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतो, नियम समजावून सांगतो. स्वतःच्या घरातल्या खोक्यावर चिकटवलेली सूचना मात्र वाचली नाही.

जानेवारी २०२२. मुंबईच्या मानाने थंडी बरी होती. घरी पाहुणे होते. सकाळी एकामागून एक तिघांच्या अंघोळी झाल्या, मग मुलगी केस धुवायला गेली. दहावीचे वर्ष, सर्दी नको म्हणून खिडकी घट्ट लावलेली. बराच वेळ झाला, पाण्याचा आवाज येतच राहिला. पत्नीने हाक मारली, उत्तर नाही. दाराला धडका मारून कडी उचकटली, तेव्हा पोर भिंतीला टेकून खाली बसलेली, डोळे अर्धे मिटलेले.

तिला उचलून मागच्या पडवीत आणले. वाऱ्यावर आल्यावर काही वेळाने तिने डोळे उघडले, ओकारी झाली, डोके ठणकते म्हणाली. शेजाऱ्यांनी कोविडमध्ये घेतलेले बोटाला लावायचे यंत्र आणले. त्यात आकडा आला ९८. सगळ्यांना हायसे वाटले. ऑक्सिजन चांगला आहे, अभ्यासाने अशक्तपणा आला असेल, लिंबूपाणी द्या, असे ठरत होते. वरून आंटी उतरल्या. त्यांनी बाथरूममध्ये डोकावून गिझर पाहिला आणि फक्त म्हणाल्या, "हॉस्पिटलला ने. आत्ता."

सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंचा पहिलाच प्रश्न होता, "घरात गॅस गिझर आहे का?" मग त्यांनी ते ९८ समजावून सांगितले. गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळाला तर जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूला तसा पहारेकरी नाही. रक्तातल्या ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यायचा, त्याला हा वायू दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. आणि बोटाच्या त्या यंत्राला रक्तात प्राणवायू आहे की हा वायू, हा भेद कळत नाही. म्हणून माणूस गुदमरत असतानाही आकडा चांगला दिसतो. मुलीला मास्क लावून प्राणवायू दिला. दुसऱ्या दिवशी ती घरी आली.

पुढच्या वर्षी, २०२३ च्या होळीला, घाटकोपरला रंग धुवायला बाथरूममध्ये गेलेले पती-पत्नी मृतावस्थेत सापडले. संशय गॅस गिझरवरच होता. ती बातमी आम्ही घरात मोठ्याने वाचू शकलो नाही.

आम्ही बी.कॉम. आहोत, रसायनशास्त्र दहावीनंतर सुटले. पण हिशेब येतो, म्हणून एका रात्री मांडून पाहिला. सहा लिटरचा गिझर पूर्ण जोरात चालला तर तासाला जवळजवळ एक किलो गॅस खातो. म्हणजे स्वयंपाकाच्या चार-पाच शेगड्या एकदम पेटवल्यासारखे. एक किलो गॅस नीट जळायला बारा घनमीटरच्या आसपास हवा लागते. आमचे बाथरूम चार फूट बाय पाच फूट, उंची आठ फूट. त्यात हवा मावते साडेचार घनमीटर. वीस मिनिटे गिझर चालला की चार घनमीटर हवेचा खर्च. आमच्याकडे त्या सकाळी तो त्याच्या दुप्पट वेळ चालला होता. जमा काही नाही, खर्चच खर्च. खिडकी आणि दार बंद असता दुसरे काय होणार होते? शिवाय हवा संपेपर्यंत थांबावे लागत नाही. ती थोडी पातळ झाली तरी ज्योत बिघडते आणि विष तयार होऊ लागते.

या निमित्ताने आईची एक गोष्ट आठवली. केंद्र सरकारने १९८३ मध्ये निर्धूर चुलींचा कार्यक्रम सुरू केला होता. आमच्या गावीही ती चूल आली. मातीची बैठी चूल आणि तिच्यावरून छपराबाहेर जाणारा सिमेंटचा पाइप. पहिले काही महिने आईच्या डोळ्यांतले पाणी थांबले. पण पाइपात काजळी धरते, ती अधूनमधून काढावी लागते, हे बसवणाऱ्यांनी कोणालाच सांगितले नाही. पाइप तुंबला, धूर उलटा घरात येऊ लागला. शेवटी आईने वैतागून पाइप उपटला आणि मोरीचे पाणी परसात न्यायला लावला. तिथे मात्र तो पुष्कळ वर्षे टिकला!

काजळी कोणीतरी काढावीच लागते. इंग्लंडात त्यासाठी गरिबांची पाच-सहा वर्षांची मुले चिमणीत चढवीत. त्या मुलांना मोठेपणी होणारा कर्करोग काजळीमुळे होतो, हे पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ मध्ये लिहून ठेवले. आणि ही प्रथा खरोखर बंद पाडणारा कायदा झाला १८७५ मध्ये. मध्ये शंभर वर्षे गेली. गटारात उतरणाऱ्या आपल्या माणसांकडे पाहिले की त्या शंभर वर्षांचे नवल वाटत नाही. असो.

मुलगी घरी आल्यावर आम्ही वर जाऊन आंटींची माफी मागितली. त्या रागावल्या होत्या, पण राग पाइप न लावल्याचा नव्हता. "मला विचारायला कशाला भ्यालास? होल भिंतीला पडतो, मान्साला नाय," त्या म्हणाल्या. मग दोघांनी मिळून जागा ठरवली. गिझर बाथरूममधून पूर्णपणे बाहेर काढायचा. मागच्या पडवीतली भिंत विटांची आहे, तिच्यावर तो टांगायचा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी न्यायची. पण पडवीवर लाकडी वासे, आणि त्यांच्या वर आंटींच्या झोपायच्या खोलीची खिडकी. तिथे नुसता सोडलेला धूर सरळ त्यांच्या उशाशी गेला असता. म्हणजे पाइप हवाच.

थंड देशांत कारखान्यातच तयार झालेली लोखंडी शेकोटी घरात बसवतात. तिथले नियम आम्ही मुलीच्या मदतीने वाचून काढले. शेकोटी ज्या कंपनीची, चिमणीही तिच्यासाठीच बनवलेली हवी. चिमणी दुहेरी पत्र्याची असते आणि तिच्याभोवती लाकडापासून साधारण दोन इंच मोकळी जागा ठेवतात. ती जागा कापूस, कापड, काही भरून बुजवायची नाही. लाकूड वर्षानुवर्षे तापत राहिले की आतून कोरडे होत जाते आणि मग कमी उष्णतेवरही पेट घेते. म्हणून आज काही झाले नाही याला अर्थ नसतो. चिमणीचे तोंड छपरातून जिथे बाहेर येते तिथून निदान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याहून दोन फूट वर. आपला गिझर म्हणजे शेकोटी नव्हे, पण शेजाऱ्याची खिडकी आणि लाकडाची भिंत यांचे भय दोन्हीकडे सारखेच.

या वेळी फिटर दुसरा आणला. तोही सुरुवातीला म्हणाला, पीव्हीसीचा पाइप चालेल, स्वस्त पडेल. त्याला चहा पाजला आणि नाही म्हटले. पीव्हीसी गरम धुराने मऊ पडतो. पत्र्याचा पाइप घेतला, गिझरच्या वरच्या तोंडाच्या मापाचाच. तोंड मोठे आणि पाइप बारीक असे केले की धूर मागे फिरतो. पाइप आधी दोन फूट सरळ वर नेला, मग एकच वळण देऊन, बाहेरच्या टोकाकडे किंचित चढता ठेवून, पडवीच्या बाजूच्या फळीतून बाहेर काढला. ज्या बाजूला कोणाची खिडकी नाही अशी तीच एक बाजू होती. फळीला भोक पाइपाहून बरेच मोठे पाडले. त्यात पत्र्याची रुंद बांगडी बसवली आणि दोन्हींमध्ये सगळीकडून दोन इंच जागा मोकळी ठेवली. सांधे स्क्रूने आवळून वर उष्णता सोसणारी ॲल्युमिनियमची पट्टी लावली, साधी चिकटपट्टी नव्हे. टोक पागोळीच्या पुढे हातभर काढून त्यावर पावसासाठी टोपी बसवली. सगळा खर्च दोन हजारांच्या आत आला. पहिल्यांदा वाचवले होते सातशे.

काम झाल्यावर आम्ही गिझर चालू करून पाइपाच्या मुळाशी, जिथे थोडी फट असते तिथे, पेटती अगरबत्ती धरली. धूर आत ओढला गेला. तो बाहेर फेकला गेला असता तर पाइप ओढत नाही असे समजावे आणि गिझर ताबडतोब बंद करावा. ज्यांचा गिझर घरात किंवा स्वयंपाकघरात आहे त्यांनी हे करून पाहावे, आणि एक्झॉस्ट फॅन चालू ठेवूनही पाहावे. पुष्कळदा हा पंखाच पाइपातला धूर उलटा घरात खेचून आणतो. ज्योत निळी हवी. पिवळी होऊन भांड्याला काजळी धरू लागली तर बर्नर साफ करवून घ्यावा. पाइपलाइनचा गॅस आला असेल तर सिलिंडरचा गिझर जेट बदलल्याशिवाय त्यावर जोडू नये. आणि बाथरूममध्ये कोणी बेशुद्ध सापडले तर प्रथम दार-खिडकी उघडावी, माणसाला उघड्यावर आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ ला फोन करावा. बोटाच्या यंत्राचा आकडा पाहत बसू नये.

आमच्या बाथरूमची कडी आता बाहेरूनही उघडते. दाराच्या खालची चार बोटे फळी कापून टाकली आहे. मुलगी कॉमर्सला गेली. केस धुताना ती अजून गाणे म्हणते. आईने तशी अटच घातली आहे. गाणे थांबले की आई हाक मारते.

पहिला पावसाळा नीट गेला. दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, आंटींनी वरून हाक मारली, "अरे, तुझ्या पाइपात कबुतर काड्या नेतंय." स्टूल ठेवून टोपी काढली तर आत मूठभर काड्या आणि पिसे. मोठ्या भोकांची जाळी लावून घेतली; बारीक जाळीने पाइपच तुंबतो. आता दर मे महिन्याच्या एखाद्या रविवारी आम्ही टोपी उतरवतो, दोरीला फडके बांधून पाइप पुसतो, आणि आंटी वरच्या सज्जातून टॉर्च धरतात. टॉर्चचा उजेड नेहमी हातभर चुकीच्या जागी पडतो, पण ते आम्ही त्यांना अजून सांगितलेले नाही.